क्लचचं पेडल का कुरकुरतं

मंडळी, तक्रार साधी वाटते. क्लच दाबला की कुईं, सोडला की पुन्हा कुईं. त्यावरचा नेहमीचा इलाजही साधाच: स्प्रेचा डबा घ्यायचा, नळी पेडलच्या मुळाशी खुपसायची आणि जिथं पोहोचेल तिथं फवारायचं. आवाज जातोही. मग चार दिवसांनी, एखादी धुळीची वाट किंवा ओढा पार केल्यावर, तो परत येतो. आता पंचाईत दुहेरी असते. पातळ तेल उडून गेलेलं असतं, उरलेल्या चिकट थरावर धूळ बसून त्याची घासणारी पेस्ट झालेली असते, आणि नेमका कोणता सांधा ओरडत होता याची खूणही पुसली गेलेली असते. म्हणून आज बराच वेळ मी ग्रीसचं नाव घेणार नाही. आधी आवाज कुठून येतो ते शोधू.

कुरकुर होते म्हणजे काय होतं? दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना अडकतात, ताण साठतो, सुटतात, पुन्हा अडकतात. हे इतक्या वेगानं चालतं की त्याचा सूर होतो. थांबलेली वस्तू हलवायला लागणारं बळ ती हलती ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा जास्त असतं, त्या फरकातून हा आवाज निघतो. व्हायोलिनच्या तारेवर गज हेच करतो; तिथं त्यासाठी राळ मुद्दाम लावलेली असते, एवढंच. यातून एक खूण हाती लागते. अशी कुरकुर पेडल सावकाश दाबल्यावर वाढते आणि झटक्यात दाबल्यावर बऱ्याचदा ऐकूच येत नाही. म्हणून तपासताना पेडल सावकाश दाबायचं, चार-पाच सेकंद घेऊन.

आणि दाबायचं हातानं. पायानं दाबताना पाठ सीटवर रेलते, सीटची रूळपट्टी कुरकुरते आणि दोष बिचाऱ्या क्लचवर जातो. पायाखालचं मॅट आणि स्टिअरिंगच्या दांड्याचं फायरवॉलमधलं (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातलं) रबर हेही असेच तोतये. मॅट काढून ठेवा.

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे. ठोकळे का, गिअर आहे की? पेडल दाबलं की गिअर गाडीला धरत नाही, आणि इथं आपण पेडलच दाबणार आहोत. आता एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं तीन ठिकाणी कान द्यायचा: पेडलच्या मुळाशी, म्हणजे वर ते टांगलेलं असतं तिथं, बॉनेट उघडून फायरवॉलपाशी आणि खाली बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, बाजूला. ऑफ-रोड गाडीची जमिनीपासूनची उंची भरपूर असते, त्यामुळे सहसा जॅक लावायची गरज पडत नाही, लावू नयेच. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं सांध्यांवरून फिरवलं की चांगला फरक कळतो. तरीही मी बोटावर जास्त विश्वास ठेवतो. पेडलचा कंस फायरवॉलच्या पत्र्याला जोडलेला असतो आणि तो पत्रा ढोलासारखा घुमतो, म्हणून कान फसतो. कुरकुरणाऱ्या सांध्यावर बोट टेकवलं तर मात्र बारीक थरथर स्पष्ट लागते.

इंजिन बंद असतानाही आवाज येत असेल तर तो पेडल, जोडण्या किंवा क्लचचा फोर्क (क्लच सोडवणारा आतला लिव्हर) यांपैकी कुठून तरी येतो आहे. इंजिन चालू असतानाच येत असेल तर प्रकरण वेगळं. पेडलला नुसता पाय टेकवल्यावर सुरू होणारी किंवा बदलणारी घरघर रिलीज बेअरिंगची, म्हणजे फोर्क जे ढकलतो त्या बेअरिंगची. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारी आणि दाबल्यावर जाणारी बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गती आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची. गाडी उभी, गिअर टाकलेला, पेडल पूर्ण दाबलेलं, आणि तेव्हाच आवाज, तर त्याच शाफ्टचं पुढचं टोक झेलणाऱ्या पायलट बेअरिंगकडे बघा. या तिन्हींवर पेडलपाशी कितीही ग्रीस थापलं तरी उपयोग नाही.

आता मुख्य संशयित, पेडलचा खिळा, म्हणजे ज्या आसावर पेडल डोलतं तो सांधा. इथं थोडं थांबू, कारण सर्वांत जास्त चुका इथंच होतात. पेडलच्या वरच्या टोकाला आडवी नळी असते, तिच्या दोन्ही तोंडांत नायलॉनचे किंवा ब्राँझचे बुश (झीज झेलणाऱ्या कड्या), बुशांच्या आत पोलादी स्लीव्ह (बारीक नळी) आणि स्लीव्हमधून जाणारा बोल्ट. बरेच जण बोल्ट काढून, त्याला ग्रीस फासून परत घालतात. पण अशा रचनेत बोल्ट फिरतच नाही. कंसाचे दोन कान आणि स्लीव्ह मिळून तो घट्ट आवळलेला असतो, पेडल फिरतं ते स्लीव्हवर. घासण्याची जागा बुश आणि स्लीव्ह यांच्यामध्ये असते आणि ग्रीस तिथंच हवं. काही गाड्यांत स्लीव्ह नसते, त्याऐवजी गुळगुळीत खांद्याचा बोल्ट किंवा सर्क्लिपनं (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीनं) अडवलेला शाफ्ट असतो. तिथं तो खांदा किंवा शाफ्टच घासणारा पृष्ठभाग. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरसारख्या गाडीत बोल्ट सोडून पेडलची पेटीच बॉनेटच्या बाजूनं बाहेर काढता येते. ती बाहेर काढून टेबलावर काम केलेलं बरं, आत उताणं पडून करण्यापेक्षा.

खोलण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. एक, पेडलचा पॅड धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. बुश एकमेकांपासून चाळीस मिलिमीटरवर आणि पॅड त्यांच्यापासून पावणेतीनशे मिलिमीटर खाली असेल तर बुशातली अर्ध्या मिलिमीटरची झीज पॅडपाशी तीन-साडेतीन मिलिमीटरचा हेलकावा दाखवते. हेलकावा असेल तर नुसतं ग्रीस पुरणार नाही, बुश बदला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक दोन्ही पेडलं एकाच बोल्टवर असतात. बोल्ट सरळ ओढून काढला तर ब्रेकचं पेडलही सुटतं, वॉशरचा क्रम बिघडतो. बोल्ट एका बाजूनं काढताना दुसऱ्या बाजूनं त्याच जाडीची गुळगुळीत सळई आत सरकवत आणा म्हणजे ब्रेकचं पेडल जागेवर राहतं. खोलण्याआधी फोटो घ्याच.

पेडलला जोडलेली स्प्रिंग काढताना डोळ्यांवर गॉगल हवा. ओढली जाणारी स्प्रिंग असेल तर ती ताणलेल्या स्थितीत असताना वेढ्यांमध्ये पातळ वॉशर अडकवा. पेडल परत आलं की स्प्रिंग लांबच राहते आणि हुक सहज निघतात. काही गाड्यांत पेडल अर्ध्यावर गेल्यावर पायाला मदत करणारी, दाबली जाणारी स्प्रिंग असते. तिचा जोर एका ठिकाणी दिशा बदलतो आणि ती बेसावध हाताला जोरात लागते, म्हणून तिची वरची-खालची बाजू खूण करून मगच हात लावा. दोन्ही प्रकारांत कुरकुर वेढ्यांची क्वचितच असते. ती असते टोकांची: हुक ज्या भोकात लटकतो तिथली किंवा टोक ज्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसतं तिथली. त्या भोकाला चरा पडला असेल तर ग्रीसनं काही दिवसच भागेल.

मग क्लेव्हिस पिन, म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोरानं द्रव ढकलणाऱ्या सिलिंडरची) पुशरॉड, म्हणजे ढकलदांडी, जोडणारी खीळ. तिची स्प्लिट पिन (टोकं वाकवून खीळ अडवणारी दुहेरी तार) जुनी परत वापरू नका. खीळ फिरवून तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खाच पडली आहे, खीळ नवीन घाला. पुशरॉडच्या लॉकनटला मात्र हात लावू नका. पुशरॉडची लांबी चुकून वाढली तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, द्रव टाकीत परतण्याचं बारीक छिद्र बंद राहतं, गरम झाल्यावर दाब अडकतो आणि चढावर क्लच घसरू लागतो. कुरकुर काढायला गेलेला माणूस क्लच प्लेट जाळून येतो तो असा.

सुटे भाग पुसून घ्या. प्लॅस्टिकवर ब्रेक क्लीनर मारू नका, साबणाचं पाणी पुरे. स्लीव्हवरचा गंज चारशे नंबरच्या आणि मग सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरनं, गोल फिरवत काढा; खड्डे उरले असतील तर स्लीव्ह बदला, कारण खड्ड्यांची कड नवा बुश खरवडते. सच्छिद्र ब्राँझचा बुश असेल तर त्याला आतून पॉलिश पेपर लावायचा नाही, छिद्रं बुजतात. बसवण्याआधी तो काही तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

आता ग्रीस. नायलॉन बहुतेक ग्रीस सहन करतं, पण बुश नेमक्या कुठल्या प्लॅस्टिकचा हे कळत नसेल तर सिलिकॉन ग्रीस किंवा प्लॅस्टिकला चालणारं पीटीएफईयुक्त (टेफ्लॉनयुक्त) सिंथेटिक ग्रीस निवडा. लोखंडावर लोखंड घासतं तिथं, म्हणजे क्लेव्हिस पिन आणि स्प्रिंगचे हुक, लिथियम ग्रीस उत्तम. दर बुशाला हरभऱ्याच्या दाण्याएवढं, बोटानं पातळ पसरून. त्याहून जास्त घातलं तर ते बाहेर येतं आणि बुटांनी आणलेली माती धरून ठेवतं. ऑफ-रोड गाडीत पेडलच्या मुळाशी चिखल आणि ओलावा कायमचाच असतो, म्हणून जिथं सील किंवा फेल्टचं वॉशर दिलेलं आहे तिथं ते परत बसलंच पाहिजे.

जुळवताना एक बारीक तपासणी करा, ही सहसा कुणी करत नाही. बुश बसवून स्लीव्ह आत घाला आणि टोकं पाहा. स्लीव्ह दोन्ही बाजूंनी बुशांपेक्षा किंचित बाहेर असली पाहिजे. ती बरोबर पातळीत किंवा आत असेल तर बोल्ट आवळताना कंसाचे कान थेट बुशांना चिमटतील, पेडल जड होईल आणि नवा बुश पहिल्याच दिवशी कुरकुरेल. बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) आवळा, नायलॉनची कडी असलेला लॉकनट नवीन घ्या. स्प्रिंग आणि पुशरॉड जोडण्याआधीच पेडल उचलून सोडा. ते स्वतःच्या वजनानं अलगद खाली आलं पाहिजे. इथं अडकलं तर पुढचं काही जोडू नका.

पुशरॉड फायरवॉलमधून जाते तिथलं रबरी बूटही कोरडं पडून चिवचिवतं. त्याला सिलिकॉन ग्रीस किंवा रबरासाठीचं लाल ग्रीस लावा. साधं खनिज तेलाचं ग्रीस नको. ब्रेक फ्लुइडवर चालणाऱ्या मास्टर सिलिंडरचे सील ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेलानं ते फुगतात. बूट उलटून आत पाहा. ओलसर असेल तर मास्टर सिलिंडर गळतो आहे, आणि पेडल दाबताना ऐकू येणारी कण्हल्यासारखी कुरकुर त्याच्याच सीलची असू शकते. तिथं वंगण नाही, सिलिंडर बदलणं हाच उपाय. सांडलेलं ब्रेक फ्लुइड रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा.

केबलवर चालणारा क्लच, जसा मारुती जिप्सीत असतो, त्याचं वेगळं. आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतू नये. पेडल कुरकुरतं आणि जडही झालं आहे, तर टोकापाशी तारांचे धागे तुटलेले आहेत का पाहा आणि केबल बदला. जुन्या जीपसारख्या गाड्यांत चासी आणि इंजिन यांच्यामध्ये आडवा फिरणारा लिव्हर असतो. तिथं ग्रीसचं निप्पल असेल तर जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. अशा गाडीत आवाज फक्त खडबडीत वाटेवर, गाडी एका अंगाला कलल्यावरच येत असेल तर इंजिन माउंटिंगची रबरं पाहा. ती दबून बसली की इंजिन सरकतं आणि लिव्हर तिरका घासतो.

आता बेल हाउसिंगमधून येणारा आवाज. तिथं फोर्क एका गोळ्यावर (गोल डोक्याच्या खुंटीवर) टेकून डोलतो, गोळ्यावरचं ग्रीस वाळलं की खणखणीत कुरकुर सुरू होते, आणि ती दांड्यावाटे पेडलपर्यंत पोहोचते म्हणून पेडलच कुरकुरतं आहे असं वाटतं. पाण्यातून गाडी घातली की हे लवकर होतं. बेल हाउसिंगच्या तळाला भोक असतं. काही गाड्यांत पाण्यात उतरण्याआधी त्यात बूच बसवतात आणि नंतर काढतात. काढायला विसरलं तर आत आलेलं पाणी आतच राहतं. फोर्कचं रबरी बूट फाटलं असेल तर चिखलाला थेट वाट मिळते.

बूट बाजूला करून, लांब नळीच्या टोकानं गोळ्यावर वाटाण्याएवढं उष्णता सहन करणारं मॉलिब्डेनम ग्रीस पोहोचवता येतं. आवाज गेला तर रोग सापडला, इतकाच त्याचा अर्थ. स्प्रे इथं अजिबात नको, कारण त्याचे थेंब क्लच प्लेटवर गेले की क्लच घसरतो किंवा गाडी उठताना थरथरते. पक्का इलाज गिअरबॉक्स उतरवूनच होतो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) सोबत सोडावे लागतात, म्हणून एकट्यानं धाडस नको. एवढं उघडलंच आहे तर फोर्क, गोळा, त्याची क्लिप, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकदमच बदला. जुना फोर्क उलटा करून गोळ्याची वाटी पाहा. डिफेंडरचा फोर्क झिजून गोळा त्यातून आरपार जाण्याचा प्रकार सुपरिचित आहे, म्हणूनच जाड पट्टीनं मजबूत केलेले फोर्क मिळतात. नवं रिलीज बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊ नका, त्यातलं ग्रीस निघून जातं.

सगळं जोडल्यावर पेडल पूर्ण वर येतं का, मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढी मोकळी चाल (पेडल सुरुवातीला जोर न लागता सरकतं ते अंतर) उरली आहे का, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरवणारा स्विच असेल तर तो काम करतो का, आणि खोलताना ब्रेकच्या पेडलला धक्का लागला असेल तर मागचा लाल दिवा पेडल सोडल्यावर विझतो का, हे पाहा. मॅट त्यानंतरच परत टाका, आणि मॅटखालचं कार्पेट ओलं असेल तर आधी ते काढून वाळवा.