हातपाय शाबूत असतानाचा पक्षाघात

नमस्कार श्रोतेहो.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, की आपल्याकडे लगेच म्हणतात, अंगावरून वारं गेलं. मला मात्र आज हातपाय शाबूत असतानाच्या पक्षाघाताबद्दल बोलायचं आहे, कारण तो ओळखूच येत नाही.

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक अडणं. मेंदूला रक्त देणाऱ्या वाहिन्यांचं एक कडं त्याच्या तळाशी असतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी १६६४ साली त्याचं वर्णन केलं. पुस्तकातल्या चित्रासारखं पूर्ण कडं निम्म्याहून कमी लोकांत सापडतं. कुणाची एखादी वाहिनी बारीक, कुणाला ती नसतेच. हा आजार नव्हे, जन्मजात ठेवण आहे. म्हणून मानेतली तीच धमनी तुंबली तरी एकाला फारसं जाणवत नाही आणि दुसरा अंथरुणाला खिळतो.

आता थॅलॅमस बघा. मेंदूच्या मधोमध असलेले हे दोन भाग आपल्याला जागं ठेवतात. सहसा दोन्हींना वेगवेगळ्या फांद्या रक्त देतात, पण काही जणांत एकच फांदी दोन्हीकडे जाते. तिला पर्शेरॉनची धमनी म्हणतात. ती बंद पडली की माणूस अचानक गुंगतो. हाक मारली तर हुंकार देतो, पुन्हा डोळे मिटतो. हातपाय बहुतेकदा हलतात.

मे महिन्यात परभणीकडे असा रुग्ण आला, तर पहिला संशय ऊन लागल्याचा. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचा. मधुमेही असेल तर साखर उतरल्याचा. हे संशय रास्तच आहेत, ते आधी तपासलेच पाहिजेत. पण ताप नाही, साखर ठीक, तरी गुंगी उतरत नाही, तेव्हा रक्तवाहिनीचा विचार व्हायलाच हवा. साधा सीटी स्कॅन सुरुवातीला अनेकदा नॉर्मल येतो. तेवढ्यावर रुग्णाला घरी नेऊ नका. एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि खेड्यातून लातूर, नांदेड गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून १०८ ला लगेच फोन करा. तो वेळ रुग्ण शेवटचा धड होता तेव्हापासून मोजतात. तेव्हा रात्री जेवताना नीट बोलत होता की पहाटे चहा पिताना, हे घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या, आणि त्याच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.