डिस्नेची जहागीर आणि फ्लोरिडाचं सरकार

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका स्थानिक मंडळाने जमिनीच्या वापराचा एक दस्त मंजूर केला. त्याची मुदत अशी लिहिली होती: इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांचे आज हयात असलेले जे वंशज आहेत, त्यांतली शेवटची व्यक्ती वारल्यानंतर आणखी 21 वर्षं. राजांची सगळ्यांत धाकटी नात लिलिबेट तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. ती नव्वदीपर्यंत जगली, तर दस्त शंभर वर्षांहून जास्त टिकणार. आपल्याकडच्या जुन्या दानपत्रांत चंद्रसूर्य असेपर्यंत इनाम चालावं असं लिहीत, त्यातलाच हा प्रकार. फक्त इंग्रजी कायद्याला चंद्रसूर्य चालत नाहीत. जमिनीवरचं बंधन अनंत काळ राहू नये, असा तिथला जुना नियम. ते कुणा हयात माणसाच्या आयुष्याशी जोडायचं आणि वर 21 वर्षं धरायची. त्यासाठी राजघराणं घ्यायचं कारण साधं आहे. त्यांच्या घरातला जन्म आणि मृत्यू लपून राहत नाही.

पण ऑर्लँडोजवळच्या दलदलीच्या जमिनीत इंग्लंडचा राजा आला कुठून?

त्यासाठी साठच्या दशकात जावं लागेल. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडभोवती मोटेल आणि दुकानांची गर्दी झाली होती आणि वॉल्ट डिस्नेचा तिच्यावर काहीच ताबा नव्हता. दुसऱ्या खेपेला त्याने काळजी घेतली. भलत्याच नावांच्या कंपन्या काढून मध्य फ्लोरिडात गुपचूप सुमारे 27,000 एकर जमीन घेतली, एकराला सरासरी 200 डॉलरच्या आतबाहेर. 1965 मध्ये बातमी फुटली, तोवर बहुतेक खरेदी उरकली होती. डिसेंबर 1966 मध्ये वॉल्ट गेला. कंपनीने मात्र या जमिनीवर स्वतंत्र कारभाराची मागणी लावून धरली आणि मे 1967 मध्ये राज्याने कायदा करून ‘रीडी क्रीक सुधारणा जिल्हा’ जन्माला घातला.

जिल्हा म्हणजे कलेक्टर कचेरी डोळ्यांसमोर आणू नका. हा कंपनीच्या जमिनीपुरता आखलेला खास कारभार होता. स्वतःचे रस्ते, पाणी, सांडपाणी, अग्निशमन दल, बांधकामाचे नियम, कर्जरोखे काढायचा अधिकार. कायद्यात विमानतळाची आणि अणुवीज केंद्राचीही मुभा होती. ते केंद्र कधी उभं राहिलं नाही, हा भाग वेगळा.

पाच जणांचं मंडळ निवडणुकीने येई. मतदान मात्र माणशी नव्हतं, एकरी होतं. आणि एकर जवळजवळ सगळे डिस्नेचे. सदस्य स्वतः जमीनमालक असला पाहिजे, अशीही अट होती. त्यावर तोड म्हणजे प्रत्येक सदस्याच्या नावे पाच-पाच एकरांचा मोकळा तुकडा करून दिला जाई. लोकशाहीचा सगळा सरंजाम जागच्या जागी, फक्त लोक नाहीत! याला जहागीर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

बरं, जहागीर चालली नीट. कंपनी स्वतःवरच कर बसवून रस्ते बांधत होती, त्यामुळे ऑरेंज आणि ओसिओला या शेजारच्या काउंटींवर (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) त्याचा बोजा पडला नाही. 1971 मध्ये ‘डिस्ने वर्ल्ड’ हे उद्यान उघडलं, पर्यटक आले, राज्यात हजारो नोकऱ्या आल्या. पन्नास वर्षं कुणी हरकत घेतली नाही. उलट 2021 मध्ये फ्लोरिडाने समाजमाध्यम कंपन्यांना लगाम घालणारा कायदा केला, तेव्हा थीम पार्क चालवणाऱ्या कंपन्यांना त्यातून अलगद वगळलं. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांचं लग्नसुद्धा 2009 मध्ये डिस्ने वर्ल्डमध्येच लागलं होतं. (तिथला गव्हर्नर निवडून येतो आणि राज्याचा गाडा स्वतः हाकतो, हे ध्यानात असू द्या.)

बिनसलं ते मार्च 2022 मध्ये. बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या वर्गांत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवर शिकवायला मनाई करणारं विधेयक आलं. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब चॅपेक आधी गप्प राहिले. कंपनीतल्याच लोकांनी आवाज उठवला, तेव्हा त्यांनी माफी मागितली आणि फ्लोरिडातल्या राजकीय देणग्या थांबवल्या. 28 मार्चला गव्हर्नरची सही झाली. हा कायदा रद्द व्हावा हेच आपलं ध्येय, असं कंपनीने त्याच दिवशी जाहीर केलं.

पुढचा वेग बघा. विधिमंडळाचं खास अधिवेशन मतदारसंघांच्या नकाशासाठी बोलावलेलं होतं. मंगळवारी, 19 एप्रिलला, गव्हर्नरने त्यात खास जिल्ह्यांचा विषय घातला. शुक्रवारी सही होऊन कायदा तयार. राज्यात असे 1,800 हून अधिक खास जिल्हे. बरखास्तीची कुऱ्हाड पडली ती फ्लोरिडाच्या 1968 च्या राज्यघटनेआधीच्या मोजक्यांवर, आणि त्यांत रीडी क्रीक. समाजमाध्यमाच्या कायद्यातली ती सूटही त्याच झटक्यात गेली.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की जिल्ह्याच्या डोक्यावर सुमारे एक अब्ज डॉलरचं कर्ज आहे. जिल्हा गेला तर ते फेडायचं कुणी? ऑरेंज काउंटीच्या करवसुली अधिकाऱ्याने इशारा दिला, की लोकांचा मालमत्ता कर वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढेल. अद्दल घडवायची कंपनीला आणि पावती फाडायची शेजाऱ्याच्या नावाने, असा हा बेत होता. म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये नवा कायदा आला. जिल्हा राहिला, कर्ज राहिलं; नाव बदललं, आणि मंडळाचे पाचही सदस्य गव्हर्नरने नेमायचे ठरले.

राजा चार्ल्स आले ते याच सांध्यात. जुन्या मंडळाने जाता जाता डिस्नेशी करार करून बांधकामाचे हक्क तीस वर्षांसाठी कंपनीला देऊन टाकले. जोडीला तो दस्त: जिल्ह्याने आपल्या इमारतींचं बाह्यरूप बदलायचं तर कंपनीला दाखवून घ्यायचं, आणि मिकी माऊसचं चित्र परवानगीशिवाय वापरायचं नाही. सगळं जाहीर बैठकीत झालं, असं डिस्नेचं म्हणणं. नव्या मंडळाला पत्ता लागला मार्चअखेर, खुर्च्यांवर बसल्यानंतर! वकिली डाव म्हणून दाद द्यावी असाच होता. पण लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला त्यातून काय दिसलं असेल, याचा विचार कंपनीने केलेला दिसत नाही.

एप्रिलमध्ये गव्हर्नर पत्रकारांसमोर म्हणाले, की शेजारच्या जमिनीवर काय करता येईल... एखादं राज्य उद्यान, कदाचित तुरुंगही. 26 एप्रिलला मंडळाने करार रद्दबातल ठरवले आणि त्याच दिवशी डिस्ने, बोलल्याबद्दल आपल्याला शिक्षा होतेय असं म्हणत, संघराज्य न्यायालयात गेली. मंडळाने राज्याच्या न्यायालयात उलटा दावा लावला. मे महिन्यात कंपनीने ऑर्लँडोतल्या लेक नोना इथला जवळपास एक अब्ज डॉलरचा कार्यालयीन प्रकल्प गुंडाळला. 2,000 च्या आसपास नोकऱ्या तिथे यायच्या होत्या. ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या कर्मचाऱ्यांचे उद्यानाचे मोफत पास बंद झाले आणि बदल्यात वर्षाला 3,000 डॉलर भत्ता आला. या लोकांनी ना विधेयक आणलं होतं, ना त्याच्यावर टीका केली होती.

मला विचाराल, तर दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. अशी जहागीर कुठल्याही कंपनीकडे नसावी. एकरी मतदानाचं समर्थन मला तरी करता येत नाही. पण पंचावन्न वर्षं जी सवलत कुणाला खुपली नाही, ती कंपनीने तोंड उघडल्यावर काही आठवड्यांत खुपू लागते, तेव्हा तिला कारभारातली सुधारणा म्हणणं जड जातं. सवलत चूक होती, तर ती डिस्ने गप्प असतानाही चूकच होती.

31 जानेवारी 2024 ला न्यायाधीश ॲलन विन्सर यांनी डिस्नेचा दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कायदा वरकरणी घटनेला धरून असेल, तर तो करणाऱ्यांच्या मनात काय होतं एवढ्यावर त्याला आव्हान देता येत नाही. तोवर डिसँटिस यांची राष्ट्राध्यक्षपदाची मोहीमही आटोपली होती. मार्चमध्ये समेट झाला. राजा चार्ल्सचा दस्त आणि तो करार रद्द, हे कंपनीने मान्य केलं. जूनमध्ये 15 वर्षांचा नवा विकास करार झाला. पुढच्या दहा ते वीस वर्षांत डिस्ने 17 अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक करणार. मग विन्सर यांच्या निकालाविरुद्धचं अपील कंपनीने मागे घेतलं. त्यामुळे बोलल्याबद्दल सरकार एखाद्या कंपनीची सवलत काढून घेऊ शकतं का, या मुद्द्यावर या प्रकरणात वरच्या न्यायालयाचा निकाल आलाच नाही. विन्सर यांचा निकाल उभा आहे, आणि मंडळावर माणसं नेमायचा अधिकार गव्हर्नरकडे.