देव कामाला येतो तेव्हा

अध्यक्षमहोदय, कार्यकारिणीतील सदस्य आणि सकाळपासून पूजेच्या तयारीत राबून आता कुठे खुर्चीला पाठ टेकलेल्या बंधुभगिनींनो,

‘रोजच्या जगण्यातील चमत्कार आणि ईश्वराचा हात’ हा विषय परदेशातल्या आपल्या या मंडळाने मला कळवला, तेव्हा पुण्यातील आमच्या घरी थोडा हशा पिकला. पाटबंधारे खात्यात धरणांच्या पातळ्या नोंदवण्यात आणि कालव्यांच्या गळत्या शोधण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याऐवजी एखाद्या कीर्तनकारबुवांना बोलावले असते तर श्रोत्यांचे भले झाले असते, असे माझ्या पत्नीचे मत पडले. ते बहुधा बरोबर असावे. तरीही मी हा विषय स्वीकारला, कारण त्याविषयी माझे एक मत इतक्या वर्षांत पक्के झाले आहे. निसर्गाचा नियम मोडल्यासारखा दिसतो तिथे देवाचा हात शोधण्याची आपल्याला सवय आहे. मला मात्र तो जेव्हा जेव्हा दिसला आहे, तेव्हा कोणीतरी आपले साधे काम वेळेवर आणि मन लावून करत होते.

आताच आपण सत्यनारायणाची कथा ऐकली. साधुवाण्याची मुलगी कलावती पती परत आल्याच्या आनंदात प्रसाद न घेता काठाकडे धावते आणि पतीसह नाव पाण्यात दिसेनाशी होते; घरी जाऊन तिने प्रसाद घेतल्यावर ती नाव पुन्हा दिसू लागते. लहानपणी या कथेचा मला इतका धाक होता की शिऱ्याचा कणही मी द्रोणात उरू देत नसे. आज मात्र, पूजा सांगणाऱ्या गुरुजींची क्षमा मागून, मला असे म्हणावेसे वाटते की नवऱ्याच्या ओढीने धावलेल्या मुलीवर रुसणारा देव ओळखायला फारशी दृष्टी लागत नाही, कारण तो स्वतःच दंड करून आपली ओळख पटवतो. दृष्टी लागते ती न रुसणारा, न बोलणारा आणि आभारांची वाट न पाहता निघून जाणारा देव ओळखायला.

शिवाय मी ज्या शहरातून आलो आहे, तिथे चमत्कार हा शब्द सैलपणे वापरता येत नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली; विश्वाच्या कर्त्याला ते ‘निर्मिक’ म्हणत आणि त्याच्या व माणसाच्या मध्ये कोणा मध्यस्थाची गरज नाही, असे सांगत. त्याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी, ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. चमत्काराचा दावा करणाऱ्यांना तो सिद्ध करण्याचे आव्हान देत त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला होता, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. हवेतून अंगारा काढणारा हात सराईत असतो, देवाचा नसतो, हे मानायला नास्तिक असावे लागत नाही. ज्याचा देवावर विश्वास आहे, त्याने तर हे सर्वांच्या आधी मानले पाहिजे.

आपल्या संतांच्या कथांकडे पाहताना मला नेहमी एका गोष्टीचे नवल वाटत आले आहे. आळंदीची भिंत चालली आणि पैठणला रेड्याच्या मुखातून वेद बाहेर पडले, या कथा आपण मुलांना सांगतो आणि सांगाव्यातही. पण घरोघरी ज्या कथांनी जीव लावला, त्या कथांत देव कामाला येतो. जनाबाईबरोबर तो दळायला बसतो, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरतो, चोखामेळ्याबरोबर मेलेली गुरे ओढतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे भुकेल्या लोकांसाठी उघडली, तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरला गेला आणि धान्याची सारी रक्कम भरून रीतसर पावती घेऊन आला, असे कथा सांगते. सरकारी नोकरीत लेखापरीक्षणाचा अनुभव घेतलेल्या माणसाला या पावतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. समाजाने ज्या कामांना हलके ठरवले, नेमकी तीच कामे या कथांतला देव उचलतो. श्रीखंड्याच्या कथेतला सर्वांत बोचरा भाग तर असा की, बारा वर्षे आपल्या घरी पाणी भरणारा हा गडी कोण आहे हे प्रत्यक्ष नाथांनाही उमगले नाही, आणि उमगले तेव्हा तो निघून गेला होता. एकनाथांसारख्या संताची ही स्थिती, तर नोकरी, कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळा यांत गुंतलेल्या आपल्यासारख्यांची काय कथा?

आता कोथरूडची एक गोष्ट सांगतो. आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर, ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. लहानथोर सगळे त्यांना माई म्हणतात. त्यांची दोन्ही मुले तुमच्यासारखीच परदेशी स्थायिक झालेली आहेत. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमचा दूधवाला आजूबाजूच्या इमारतींचा रतीब टाकून झाल्यावर महिन्याच्या बिलासाठी पुन्हा आमच्या मजल्यावर आला, तेव्हा माईंच्या दाराच्या कडीला त्याने पहाटे अडकवलेली पिशवी तशीच लटकत होती. त्याने घंटा वाजवली, हाका मारल्या, दाराला कान लावला आणि मग आमचे दार ठोठावले. माईंच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. आत जाऊन पाहतो तो माई न्हाणीघरात पडलेल्या. खुब्याचे हाड मोडलेले, अंग गार पडलेले, पण शुद्ध होती. त्यांना वेळेत रुग्णालयात नेता आले, शस्त्रक्रिया झाली, आणि आता त्या वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात, इतकेच नव्हे तर पोळ्या लाटणाऱ्या बाईंना कणीक कशी मळावी याच्या सूचनाही देतात.

मुलांचे फोन आले, तेव्हा देवाच्या कृपेने आई वाचली, असे दोघेही म्हणाले, आणि त्यांच्या सांगण्यावरून दगडूशेठ गणपतीला अभिषेक झाला. माईंच्या मते त्यांना त्यांच्या दत्तमहाराजांनी वाचवले. मी दूधवाल्याला विचारले की, पिशवी तर पुष्कळ दारांना उशिरापर्यंत लटकलेली असते, मग तुला याच दाराशी शंका कशी आली? तो म्हणाला, “काका, आजी साडेसहाच्या आत पिशवी आत घेतात. चहाशिवाय त्यांचं चालत नाही.” एवढेच त्याचे उत्तर होते, आणि बिल मागायचे राहिले म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. माईंना सकाळी चहा कधी लागतो, हे त्यांच्या दोन्ही मुलांना आज ठाऊक असेल की नाही, मला शंका आहे, आणि यात मी त्यांना दोष देत नाही. अंतराने ही माहिती माणसापासून तुटतेच. ती माहिती एका दूधवाल्याने, कोणीही न सांगता, वर्षानुवर्षे रोज पहाटे त्या दाराशी येत गोळा केली होती. माईंची श्रद्धा चुकीची आहे, असेही मी म्हणणार नाही. त्या सकाळी दत्तमहाराज दुधाचा क्रेट घेऊन जिना चढले होते, असे मीही मानतो. खटकले ते एवढेच की, अभिषेकाचे पेढे साऱ्या इमारतीत वाटून झाल्यावरही बरेच दिवस त्याच्या हातावर पडले नव्हते. पहिला पेढा त्याचा होता.

माझ्या स्वतःच्या कामातून मी हेच पाहिले आहे. पुण्याला पाणी येते ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून, आणि पावसाळ्यात शहर झोपलेले असताना कोणीतरी छत्री व विजेरी घेऊन पाण्याची पातळी वाचत असतो, वर कळवत असतो, आणि मुठा नदीत पाणी किती सोडायचे याचा निर्णय त्या आकड्यांवर होत असतो. ज्या रात्री काहीच घडत नाही, ती रात्र त्याच्या कामामुळे तशी गेलेली असते. पण न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. घडले ते मात्र पुणे विसरलेले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. आदल्या रात्री धरण खचू लागले, तेव्हा लष्कराच्या जवानांनी भर पावसात, अंधारात, वाळूची पोती रचून ते काही तास तगवून धरले, आणि म्हणून लोंढा झोपेतल्या शहरावर येण्याऐवजी दिवसाउजेडी आला. लोकांना गच्च्यांवर, टेकड्यांवर, उंचावरच्या नातेवाइकांकडे पळता आले. खात्यात असताना पानशेतविषयी पुष्कळ बोलले जाई, आणि त्यात दोष कोणाचा यावर वाद होत. त्या पोत्यांविषयी मात्र कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही.

परंतु इथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या पुरात माणसे गेली, हजारो संसार वाहून गेले. जो वाचला तो देवाने तारले म्हणतो, आणि त्याला तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण शेजारच्या वाड्यातले जे गेले, त्यांना देवाने का सोडले, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. पूर्वसंचित, प्रारब्ध, ईश्वरी योजना अशी उत्तरे ज्यांच्याजवळ तयार असतात, त्यांनी ती दुःखात असलेल्या माणसाच्या घरी जाऊन सांगू नयेत, इतकीच माझी विनंती आहे. धरणाचे काम पुरे होण्याआधी त्यात पाणी साठवले गेले, हा माणसांचा निर्णय होता. त्याला दैवी कोप म्हणणे म्हणजे आपली जबाबदारी देव्हाऱ्यात नेऊन ठेवणे होय.

चांगले काम करणाऱ्याचे देव रक्षण करतो, असाही नियम दिसत नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला रुग्णांची शुश्रूषा करत होते. प्लेग झालेल्या एका दलित मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळात प्लेगच्या रोग्याजवळ जायला सख्खे नातेवाईकही धजत नसत, आणि सावित्रीबाईंचे वय तेव्हा सहासष्ट होते. देवाचा हात कुठे होता, असे मला कोणी विचारले, तर मी त्या मुलाला सावरून धरणाऱ्या त्यांच्या हाताकडेच बोट दाखवीन. त्यांच्या मृत्यूचा अर्थ मात्र मला त्यावरून लावता येत नाही, आणि तो ओढूनताणून लावावा असेही वाटत नाही.

श्रद्धा आणि शास्त्र यांचे भांडण लावून देणाऱ्यांना पुण्याचीच आणखी एक पहाट आठवून द्यावी. १२ जानेवारी २०२१ रोजी करोनाच्या लशीची पहिली खेप सीरम इन्स्टिट्यूटच्या मांजरी येथील आवारातून विमानतळाकडे निघाली, तेव्हा आधी वाहनाची पूजा करण्यात आली. आत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान काटेकोरपणे राखलेले, आणि बाहेर पूजा. मला यात काहीही विसंगत दिसले नाही. पूजा झाली म्हणून कोणी शीतयंत्र बंद केले नव्हते.

माझ्या आईची एक पद्धत होती. रात्री देवाजवळचा दिवा शांत होण्याआधी ती दिवसभरात ज्यांची मदत झाली त्यांची नावे घेत असे: धुणेभांडी करणाऱ्या गंगूबाई, औषधाची बाटली घरी आणून देणारा दवाखान्यातला कंपाउंडर, बसमध्ये जागा देणारा कोणी अनोळखी, ज्याला ती ‘तो चष्म्यावाला’ म्हणे. देवाची नावे त्यानंतर येत. इथे तुमच्या भोवतीच्या व्यवस्था इतक्या चोख आहेत की त्यांच्यामागचा माणूस बहुधा दिसतच नाही. पार्सल दाराशी येऊन पडते आणि आणणारा निघून गेलेला असतो. अशा ठिकाणी ही पद्धत पाळणे अवघड आहे, पण मुलांना ती फार लवकर जमते, हे मी माझ्या नातीकडे पाहून सांगतो. तिच्या यादीत शाळेच्या बसचे चालक रोज असतात आणि मी कधीमधी असतो.

शेवटी एक कामाची गोष्ट. आपल्या चिटणीसांशी बोलून दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांचे आईवडील पुण्यात एकटे राहतात, त्यांनी तीत त्यांचा पत्ता, शेजाऱ्यांचा व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि दूध व वर्तमानपत्र कोण टाकते ते लिहावे. दूधवाल्याचे नाव माहीत नसेल, तर आज रात्री घरी फोन करून विचारावे. आपल्यापैकी जे जे कोणी ज्या वेळी पुण्यात असेल, त्याने त्या यादीतल्या एकदोन घरी चक्कर मारावी, अशी कल्पना आहे. पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले आहे. पुढच्या महिन्यात परत गेल्यावर कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे मी पाहू शकेन, पेठांसाठी आणि हडपसरच्या बाजूसाठी कोणीतरी लागेल.