बीप ऐकू आली, पण 'पान' ऐकू आलं का?

नमस्कार. मुलाला कानाचं मशीन लावलंय, ऑडिओग्राम फाईलमध्ये आहे, आणि तरी शाळेतल्या बाई म्हणतात, 'ऐकतो, पण समजत नाही.' मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे, आणि मी सांगते, बाईंचं म्हणणं मनावर घ्या. किती हळू बीप कानाला कळली, एवढंच ऑडिओग्राममध्ये दिसतं. शब्द कळतो का, याची तपासणी वेगळी.

मशीन कानात, समोर चार चित्रं: कान, पान, मान, रान. स्पीकरमधून साध्या बोलण्याच्या पट्टीत, म्हणजे साधारण 60 ते 65 डेसिबलवर, 'पान' येतं आणि मूल 'कान'वर बोट ठेवतं. स्वर पोचला, पहिलं व्यंजन निसटलं. मशीनचं सेटिंग बदलताना हे फार कामाचं असतं, म्हणून कुठल्या शब्दाला काय ऐकलं तेही विचारा. बरोबर ओळखलेल्या शब्दांचे टक्केही जपून वाचा. चार चित्रांत अंदाजानं बोट ठेवलं तरी सरासरी 25 टक्के बरोबर येतात. दहा शब्दांच्या यादीत 70 चे 80 झाले, म्हणजे एकच शब्द वाढला.

शब्द मुलाच्या ओळखीचे आणि घरच्या भाषेतले हवेत, हा आग्रह धराच. नाहीतर कान मोजायचा राहतो आणि शब्दसंग्रह मोजला जातो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 सालापासूनची. तिथे तपासणीला गेलात तरी हेच विचारा.

आणि गोंगाटातली चाचणी मागा. तपासणीची खोली शांत असते. रुळांलगतच्या वर्गात पंखा गरगरतो, खिडकीबाहेरून लोकल जाते. मुलांसाठी बाईंचा आवाज गोंगाटापेक्षा 15 डेसिबल तरी वर हवा, असं मानलं जातं. उघड्या खिडकीच्या वर्गात ते फार अवघड.

मशीनमधून बोलण्यातले आवाज पोचतात का हे बघायला घरी रोज सकाळी कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांचे सहा आवाज घ्या: आ, ई, ऊ, म्, श्, स्. मुलाच्या पाठीमागे उभं राहून, नेहमीच्या आवाजात. तोंडावर हात नको, 'स्' दबतो. क्रम आणि मधली थांबण्याची वेळ बदलत राहा, मुलं ताल पकडतात. 'स्' हुकत असेल, तर तुमचं 'जेवलास का?' मुलापर्यंत 'जेवला का?' असं पोचतं. प्रश्न आपल्याला आहे हेच त्याला कळत नाही, आणि आपण म्हणतो, लक्ष नाही.

एखादा आवाज हुकला, तर आधी बॅटरी बघा, मोल्डमध्ये, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या भागात, मळ अडकलाय का बघा. तरीही दुसऱ्या दिवशी तोच हुकला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता ऑडिओलॉजिस्टला फोन करा.