ग्लेन एकोचे मेरी-गो-राउंड आणि रक्षकाचा बिल्ला

वॉशिंग्टन शहराजवळ, पण मेरीलँड राज्याच्या हद्दीत, पोटोमॅक नदीकाठी ग्लेन एको हे उद्यान आहे. १८९१ मध्ये व्याख्यानांसाठी आणि लोकशिक्षणासाठी सुरू झालेली ही जागा पुढे करमणुकीचे मोठे केंद्र बनली. येथील मेरी-गो-राउंड १९२१ मध्ये बसवले गेले. त्यावर लाकडी घोडे आहेतच. शिवाय ससे, शहामृग, एक जिराफ, एक सिंह आणि एक वाघही आहे.

उद्यानात शिरायला पैसे पडत नसत. तिकीट असे ते एकेका खेळाचे. मात्र कृष्णवर्णीयांना येथे येऊ द्यायचे नाही, हे मालकांचे धोरण होते. वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय मुलांना या उद्यानाची माहिती होती, पण त्यातला एकही खेळ त्यांच्या वाट्याला येत नव्हता.

३० जून १९६० रोजी वॉशिंग्टनमधील हॉवर्ड या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने तरुणांचा एक गट येथे आला. गोऱ्या सहकाऱ्यांनी तिकिटे आधीच काढून ठेवली होती आणि ती दुसऱ्याला देण्यास नियमाची आडकाठी नव्हती. गटाचे नेते लॉरेन्स हेन्री यांना रक्षकाने त्यांचा वंश विचारला, तेव्हा ‘मी मानववंशाचा आहे’ असे उत्तर त्यांनी दिले. हा संवाद तेव्हाच ध्वनिमुद्रित झाल्यामुळे आज ऐकायला मिळतो, आणि त्यात हेन्री यांचा आवाज कुठेही चढलेला नाही. दरम्यान काही जण मेरी-गो-राउंडवर जाऊन बसले. रक्षकाने त्यांना निघून जाण्यासाठी पाच मिनिटे दिली. हातातले तिकीट दाखवत ते बसूनच राहिले. विनापरवाना प्रवेशाच्या आरोपाखाली पाच जणांना अटक झाली. विल्यम ग्रिफिन आणि ग्वेंडोलिन ग्रीन हे त्यांपैकी दोघे.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत फाटकासमोर निदर्शने होत राहिली. या लढ्याचे श्रेय अनेकदा केवळ विद्यार्थ्यांना दिले जाते, ते अपुरे आहे. जवळच्या बॅनकबर्न या सहकारी वसाहतीतील गोरी कुटुंबे, त्यांत बरीच ज्यू, मुलाबाळांसह उन्हात फलक धरून उभी राहत. समोर अमेरिकन नाझी पक्षाची माणसे प्रतिनिदर्शने करत. ज्यांना उद्यानात मुक्तद्वार होते, तेच शेजारी फाटकासमोर विरोधात उभे राहिले, ही गोष्ट मालकांना अधिक जड गेली असावी. मार्च १९६१ मध्ये नव्या हंगामापासून उद्यान सर्वांना खुले करण्याची घोषणा झाली.

खटला मात्र चालूच राहिला. २२ जून १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाचही जणांची शिक्षा रद्द केली, पण खाजगी मालकाला वंशभेद करता येतो का, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. निकाल उभा राहिला तो रक्षकाच्या बिल्ल्यावर. पगार उद्यानाशी करार असलेल्या खाजगी गुप्तहेर संस्थेकडून येत असला तरी त्याची नेमणूक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, विशेष सहायक म्हणूनही झालेली होती, आणि त्याच अधिकाराने त्याने अटक केली होती. त्यामुळे ही कृती राज्याचीच ठरली आणि राज्याला असा भेदभाव करण्याची मुभा नव्हती. मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले ते दहा दिवसांनी, २ जुलैच्या नागरी हक्क कायद्यात: सार्वजनिक ठिकाणी असा वंशभेद करण्यास त्याने बंदी घातली.

ग्वेंडोलिन ग्रीन पुढे ब्रिट या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. १९६१ मध्ये फ्रीडम रायडर, म्हणजे बसप्रवासातील वंशभेदाला प्रत्यक्ष प्रवास करून आव्हान देणाऱ्या कार्यकर्त्या, म्हणून त्यांना मिसिसिपीत पुन्हा अटक झाली, आणि २००२ मध्ये त्या मेरीलँडच्या सिनेटवर निवडून आल्या.

फाटक उघडले, तरी तणाव संपला नाही. १९६६ च्या ईस्टरच्या सोमवारी उद्यान लवकर बंद करण्यात आले, बसगाड्याही थांबवण्यात आल्या, आणि वॉशिंग्टनहून आलेल्या अनेक कृष्णवर्णीय मुलांना पायी घर गाठावे लागले. १९६८ च्या हंगामानंतर उद्यानाला टाळे लागले. मेरी-गो-राउंड विकले जात असताना परिसरातील रहिवाशांनी वर्गणी काढून ते परत मिळवले, आणि आता राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातील या जागेत ते तिकीट काढणाऱ्या कोणालाही बसण्यासाठी चालवले जाते.