गरिबाचा वकील आणि बँकेचा व्याजदर

नमस्कार मंडळी!

हॉलिवूडच्या सिनेमात पोलीस बेड्या घालताना म्हणतात ना, 'वकील परवडत नसेल तर तुम्हाला वकील दिला जाईल'? तो हक्क खरा आहे. १९६३च्या गिडियन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो पक्का केला. पण तो फौजदारी खटल्यापुरता. घरमालक बाहेर काढतोय, नवरा मारतोय म्हणून संरक्षणाचा आदेश हवाय, अपंगत्वाचा भत्ता अचानक बंद झालाय, ही सगळी दिवाणी प्रकरणं. तिथे बहुतेक ठिकाणी वकील द्यायला सरकार बांधील नाही.

मग या माणसांसाठी कोर्टात कोण उभं राहतं? ना-नफा संस्थांचे पगारी वकील. अशिलाकडून फी नाही, म्हणजे पगार अनुदानातूनच निघणार.

सगळ्यात मोठी अनुदान देणारी संस्था म्हणजे लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन. १९७४मध्ये निक्सन यांच्या सहीने तिचा कायदा झाला. २०२४ला संसदेने तिला ५६ कोटी डॉलर दिले आणि देशभरातल्या सुमारे १३० संस्थांना त्यातून अनुदान मिळतं. सोबत अटी येतात. १९९६पासून या संस्थांना सामूहिक दावा लावता येत नाही. हजारो भाडेकरूंचं गाऱ्हाणं एकच असलं, तरी सगळ्यांच्या वतीने एक दावा नाही. आणि हे बंधन संस्थेने दुसरीकडून जमवलेल्या पैशालाही लागू होतं! मला ही अट अन्यायाची वाटते.

आता पैशाचा दुसरा झरा. याचं नाव आयोल्टा, म्हणजे वकिलांच्या ट्रस्ट खात्यांवरचं व्याज.

समजा, तुमची बहीण न्यू जर्सीत घर घेतेय. इसाऱ्याची रक्कम बरेचदा वकिलाच्या ट्रस्ट खात्यात (अशिलांचे पैसे सांभाळायचं वेगळं खातं) काही आठवडे पडून राहते. रक्कम मोठी आणि मुदत लांब असेल, तर वेगळं खातं काढून व्याज अशिलालाच देतात. पण थोड्या दिवसांच्या रकमेवर व्याज किती सुटणार? खात्याचा खर्चच त्याहून जास्त. पूर्वी असा पैसा बिनव्याजी पडून राहायचा आणि फायदा बँकेचा व्हायचा. मग अशा सगळ्या अशिलांच्या रकमा एका व्याजी खात्यात ठेवायच्या आणि ते व्याज गरिबांच्या कायदेशीर मदतीला द्यायचं, अशी सोय निघाली. ऑस्ट्रेलिया-कॅनडात हे आधी झालं. अमेरिकेत १९८१मध्ये फ्लोरिडाने सुरुवात केली. आज ही सोय सगळ्या राज्यांत आहे.

'पैसा माझा, व्याज दुसऱ्याला का?' हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९९८ला कोर्ट म्हणालं, व्याज अशिलाच्याच मालकीचं. २००३ला म्हणालं, पण एरवी त्याच्या हाती काहीच पडलं नसतं. नुकसान शून्य, म्हणून भरपाईही शून्य. दोन्ही निकाल ५ विरुद्ध ४. २००३ला एक मत फिरलं असतं तर हा झरा कदाचित तेव्हाच आटला असता.

पण खरी दुखरी जागा वेगळीच आहे. २००८ची मंदी आठवा. लोकांची घरं जप्त होत होती, नोकऱ्या जात होत्या, मदत मागणाऱ्यांची रीघ लागली होती. आणि नेमका तेव्हाच व्याजदर शून्याजवळ आला, तो २०१५च्या अखेरीपर्यंत तिथेच राहिला. घरांचे व्यवहार थंडावले, तशी ट्रस्ट खात्यांतली शिल्लकही घटली. संस्थांनी वकील कमी केले. गरज दारात उभी आणि तिजोरी रिकामी, हे योगायोगाने घडलं नाही. या रचनेतच ते आहे. २०२३ला दर पाच टक्क्यांवर गेले तेव्हा पैसा पुन्हा वाहू लागला. अशा भरल्या वर्षांत राखीव निधी बाजूला काढणं, हे माझ्या मते अनुदान वाटणाऱ्यांचं पहिलं काम.

अनेक राज्यांत आणखी एक नियम आहे: इतर ग्राहकांच्या तशाच खात्यांना जो दर, तोच आयोल्टा खात्यांनाही द्यायचा. काही बँका आपणहून त्याहून जास्त देतात आणि राज्याराज्यांतली बार फाउंडेशनं (हा निधी वाटणाऱ्या वकिलांच्या संस्था) त्यांची नावं जाहीर करतात. अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींनो, घर घेताना वकिलाला एवढं जरूर विचारा: तुमचं ट्रस्ट खातं यांपैकी एखाद्या बँकेत आहे का?