धक्का लागल्यानंतरचे चोवीस तास

दृश्य : तुळजापूर–लातूर रस्ता, सकाळ. साइडपट्टीवरून शेळ्या चालल्या आहेत. मागून उसाचा ट्रॅक्टर, त्याला ओलांडून जाणारी एसटी.

निवेदन :
तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, पण गावं होती तिथंच राहिली. कुणाचं घर या बाजूला, शेत त्या बाजूला. शेळ्या चारायला न्यायच्या तरी हायवे ओलांडावा लागतो. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बाजारच्या दिवशी एका मोटरसायकलवर तिघं, आणि आश्विनात तुळजापूरला पायी निघालेले भाविक. सगळे याच डांबरावर.

अशा रस्त्यावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. आपण बोलणार आहोत ते पेपरात न येणाऱ्या अपघातांबद्दल. जीपचा आरसा लागून सायकलवाला पडला. कारने कट मारला आणि दूधवाल्याची मोटरसायकल कॅनसकट घसरली. भाजीच्या हातगाड्याचं चाक मोडलं. शेळीचा पाय मोडला. माणसं उठली, कपडे झटकले, समोर पाहिलं, तर गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी झालेली.

दृश्य : शासकीय रुग्णालयाचा अपघात विभाग. बाकावर बसलेला माणूस, कोपराला पट्टी.

निवेदन :
पोलिसांच्या कागदावर आता दोन शब्द येतात : अज्ञात वाहन. हे दोन शब्द जखमी माणसाला किती महागात पडतात, ते आधी पाहू.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या १६१ व्या कलमात ‘हिट अँड रन’ म्हणजे काय ते सांगितलं आहे. वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटत नाही, त्याने केलेला अपघात. अशा अपघातासाठी सरकारी भरपाई योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये, गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार. त्याआधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. वाढ झाली, चांगलंच झालं. पण या योजनेत दोनच खाने आहेत, मृत्यू आणि गंभीर दुखापत. मुका मार, चार टाके, आठ दिवसांची बुडालेली मजुरी, चेपलेली मोटरसायकल, मेलेली शेळी यांच्यासाठी तिसरा खाना नाही.

म्हणजे मोठ्या अपघातात गाडी सापडली नाही तरी निदान एक दार उघडं राहतं. छोट्या अपघातात गाडी गेली की सगळंच गेलं. ज्याचं नुकसान थोडं, त्याला चालकाच्या नावाची गरज जास्त. आणि ते नाव देणं हे कायद्यानं चालकावरच टाकलेलं काम आहे.

दृश्य : उभी जीप. चालक दार उघडून खाली उतरतो. कॅमेरा त्याच्या पायांवर.

निवेदन :
कलम १३२ सांगतं : तुमच्या गाडीमुळे माणसाला, जनावराला, दुसऱ्या वाहनाला किंवा मालमत्तेला अपघात झाला, तर फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या, गणवेशातल्या पोलिसानं सांगितल्यावर गाडी थांबवायची. जरूर असेल तितका वेळ थांबायचं, जास्तीत जास्त चोवीस तास. ज्याला धक्का लागला त्यानं स्वतःचं नाव-पत्ता सांगून तुमचं विचारलं, तर तुमचं नाव-पत्ता आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता द्यायचं. चूक कोणाची होती, हे कलम विचारतच नाही. समोरचा चुकीच्या बाजूनं आला असेल, मोबाइलवर बोलत असेल, तरी नाव-पत्ता तुम्हाला द्यावाच लागतो.

याच कलमात जनावर म्हणजे काय ते नाव घेऊन लिहिलंय. घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी आणि शेळी. ही यादी मला फार मोलाची वाटते. धाराशिवकडच्या उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे, आणि ज्या घरात ती आहे त्या घराची अडीअडचणीची ठेव तीच असते. पोराची फी, दवाखान्याचं बिल, सणाचा खर्च शेळी विकून भागतो. गावाकडच्या रस्त्यावर ‘जनावरच होतं’ म्हणून पुढं जाणारे पुष्कळ. कायदा तसं म्हणत नाही. शेळीला धडक दिल्यावर विचारणाऱ्या मालकाला नाव-पत्ता देणं हा उपकार नव्हे, ते कलम १३२ आहे. डोंगरातून खाली उतरलेल्या धनगरांच्या कळपालाही ते तितकंच लागू आहे.

माणूस जखमी झाला असेल किंवा कोणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर पुढचं कलम १३४. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात न्यायचं. तिथल्या डॉक्टरनं कागदपत्रांची वाट न पाहता उपचार सुरू करायचे, हेही त्याच कलमात आहे. समोर पोलीस असतील तर ते विचारतील ती माहिती द्यायची. नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन घडलेलं सांगायचं, शक्य तितक्या लवकर, कसंही करून चोवीस तासांच्या आत. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं : पॉलिसीचा नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती, चालकाचं नाव आणि लायसनचा तपशील.

आपली गाडी मागे घेताना दुसऱ्याच्या उभ्या गाडीला धक्का लागला आणि तिचा मालक आसपास नाही, तरी १३४ सुटत नाही. मालमत्तेचं नुकसान झालेलंच आहे.

दृश्य : फाट्यावरची गर्दी. हातवारे, मोबाइलवर शूटिंग करणारे तरुण. आवाज कमी.

निवेदन :
आता चालकाच्या मनातलं बोलू. तो पळतो तेव्हा बहुतेक वेळा मनात दुष्टावा नसतो, भीती असते. आणि ती भीती खोटी नाही.

पहिली भीती जमावाची. फाट्यावर अपघात झाला की पाच मिनिटांत पन्नास माणसं जमतात. त्यातल्या कोणी अपघात पाहिलेला नसतो, पण हात उचलायला दहा जण तयार असतात. चालकाला खाली ओढून मारणं, काचा फोडणं हे आपल्याकडे होतं, आणि ते थांबलं पाहिजे. कायदा हे ओळखून आहे. कलम १३४ मध्येच म्हटलंय की जमावाचा क्षोभ किंवा हाताबाहेरचं दुसरं कारण असेल आणि जखमीला नेणं शक्य नसेल, तर तेवढ्यापुरती सूट. पण ती सूट गाडी गॅरेजला लावून घरी जाऊन झोपण्याची नाही. जखमीला का नेता आलं नाही हेसुद्धा ठाण्यात सांगायचं, असं त्याच कलमात पुढं लिहिलंय. तेव्हा जीवाला धोका वाटला तर गाडी तडक पोलीस ठाण्याकडे घ्यावी. वाटेत ११२ ला फोन करावा, जखमी कुठे आहे ते सांगावं, १०८ ला रुग्णवाहिका मागावी. कोणत्या फाट्यावर, कोणत्या बाजूला, कितव्या किलोमीटरच्या दगडापाशी. तिथून निघालेला चालक आणि तिथून पसार झालेला चालक यांच्यात फरक पडतो तो या फोननं आणि ठाण्यातल्या नोंदीनं.

दुसरी भीती : थांबलो म्हणजे गुन्हा कबूल केला. तसं नाही. नाव सांगणं म्हणजे चूक मान्य करणं नव्हे. चूक कोणाची हे पंचनामा, साक्षीदार, टायरच्या खुणा, कॅमेरा यांवरून ठरतं. उलट जो थांबला त्याची बाजू पहिल्या दिवशीच कागदावर येते. जो पळाला त्याच्या वतीनं कोणीच बोलत नाही.

तिसरी भीती दहा वर्षांच्या शिक्षेची. जानेवारी २०२४ मधलं ट्रकचालकांचं आंदोलन आठवत असेल, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधल्या दुसऱ्या पोटकलमावरून ते पेटलं. निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा मृत्यू झाला आणि चालक न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद, असं ते पोटकलम. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण फेब्रुवारीत निघालेल्या अधिसूचनेत हे पोटकलम वगळून ठेवलं गेलं. आणि मुळात ते मृत्यूबद्दल आहे. सायकलवाल्याला खरचटलं म्हणून ‘दहा वर्षं आत जाईन’ या धास्तीनं कोणी गाडी पळवत असेल, तर ती धास्ती त्याला चुकीच्या माहितीनं घातलेली आहे.

त्याला खरोखर लागू होतं ते मोटार वाहन कायद्याचं कलम १८७. अपघातानंतरची ही कर्तव्यं पाळली नाहीत तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तेच केलं तर एक वर्ष आणि दहा हजारांपर्यंत. गाडी बेदरकार चालवली असेल तर न्याय संहितेची २८१ आणि १२५ ही कलमं वेगळी. पण ही कर्तव्यं न पाळणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि धडक बसल्यानंतरही तो टाळणं पूर्णपणे चालकाच्या हातात असतं.

दृश्य : चहाची टपरी. दोन माणसं उभ्यानं बोलत आहेत. एकाच्या हातात नोटा.

निवेदन :
‘जाऊ द्या मामा, हे हजार ठेवा, मिटवून टाकू.’

हे वाक्य आपल्या रस्त्यांवर रोज ऐकू येतं. मिटवण्याला मी सरसकट नावं ठेवणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाला ठाण्यात आणि कोर्टात दिवस घालवणं परवडत नाही. दिवा फुटला, मडगार्ड वाकलं, त्याचे पैसे जागेवर मिळाले तर ते त्याच्या सोयीचंच. पण माणसाला लागलं असेल तर आधी दवाखाना, मग पैशाची गोष्ट. कारण दुखापत किरकोळ आहे की गंभीर, हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही. कायद्याच्या लेखी हाड किंवा दात मोडणं, निखळणं हीसुद्धा गंभीर दुखापत. पडलेला माणूस तेव्हा गरम रक्तात उठून चालतो, संध्याकाळी मनगट सुजतं, एक्स-रेत हाड मोडलेलं निघतं. तोवर हजार रुपये देणारा दोन जिल्हे ओलांडून गेलेला असतो. पैसे दिले-घेतले तरी गाडीचा नंबर, दोघांची नावं, फोन आणि सह्या एका कागदावर घ्याव्यात. आणि आपसात मिटलं म्हणून १३४ खालची चोवीस तासांतली नोंद माफ होते, असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही.

दृश्य : ढाब्याच्या कोपऱ्यावरचा कॅमेरा. मग गाड्यांच्या नंबरप्लेट एकामागून एक.

निवेदन :
गाडी थांबली नाहीच, तर पडलेल्यानं काय करायचं? पूर्ण नंबर दिसत नाही, पण सुरुवातीची अक्षरं बऱ्याचदा दिसतात. एमएच २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई. त्याला शेवटचे दोन-तीन आकडे, गाडीचा रंग आणि ती कोणत्या बाजूला गेली एवढं जोडलं तरी पोलिसांना पुष्कळ हाती लागतं. नुसता फोन करून किंवा गावात कोणाला सांगून ठेवून थांबू नये. ठाण्यात तक्रार नोंदवायची. ढाबा, पेट्रोल पंप, टोलनाका यांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून त्याची मागणी पहिल्याच अर्जात करायची. दवाखान्यात ‘पडलो’ असं मोघम न सांगता वाहनाची धडक बसली असं सांगायचं, म्हणजे कागदावर तेच येतं.

नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर त्या गाडीचा विमा चालू आहे का ते कळतं. चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं कलम १३३ नं गाडीमालकावर बंधनकारक आहे. इथं एक वाईट पद्धत रुळली आहे. गाडी चालवत होता एक, आणि ठाण्यात उभा केला जातो लायसन असलेला दुसरा. नात्यातला असेल, कामाला असेल, ‘तू फक्त सही कर’ म्हणतात. त्या दुसऱ्या माणसाच्या नावावर गुन्हा लागतो, हे त्याला कोणी सांगत नाही. गाडीमालकांनी हे करू नये.

वाहन सापडलं तर नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. जखमी राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो. सोलापूरच्या गाडीनं परळीच्या माणसाला धडक दिली म्हणून त्याला सोलापूरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा तिथं होतो. शेळीचासुद्धा.

मदतीला धावलेल्यांसाठी एवढंच : २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १३४अ तुमच्या बाजूनं आहे. जखमीला चांगल्या हेतूनं उचललं, दवाखान्यात नेलं, म्हणून तुमच्यावर खटला होत नाही.

दृश्य : रात्र. अंगणात उभी कार, पुढचा डावा दिवा फुटलेला. चालक त्याच्याकडे बघतो आहे.

निवेदन :
आणि जो घाबरून निघून आला, त्याच्यासाठी. दुपारी चारला धक्का लागला असेल तर उद्या दुपारी चारपर्यंत वेळ आहे. पण कायद्यानं ‘शक्य तितक्या लवकर’ म्हटलंय, तेव्हा सकाळची वाट पाहू नका. पोलीस ठाणं रात्रीही उघडं असतं. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला असेल तरी जवळच्या ठाण्यात जाऊन सांगता येतं. तिथं न थांबल्याचा दोष त्यानं पुसला जाणार नाही, पण जखमीच्या कागदावरचं ‘अज्ञात वाहन’ पुसलं जाईल. फुटलेला दिवा बदलू नका, गाडी धुऊ नका, आहे तशी राहू द्या. लायसन, आरसी, विम्याची प्रत सोबत घ्या. ठाणे अंमलदाराला ठिकाण, वेळ, कोणाला कसं लागलं ते जसं घडलं तसं सांगा. स्टेशन डायरीत नोंद झाली की तिचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. विमा कंपनीला पाठवायच्या पत्रात तो क्रमांक लिहा, आणि जखमी कोणत्या दवाखान्यात आहे ते तिथंच विचारा.